संदर्भसूचीतली गडचिरोली

१९९० सालच्या 'लॅन्सेट'च्या ३३६ व्या खंडात २०१ ते २०६ या पानांवर एक शोधनिबंध आहे. लेखकांची आडनावे अशी : बंग, बंग, टाले, सोनटक्के, सोळंकी, वरगंटीवार, केळझरकर. लंडनमध्ये तो अंक चाळणाऱ्याला ही सगळी नावे सारखीच परकी वाटली असतील. ब्रह्मपुरीच्या माणसाला मात्र त्यात आपला मुलूख दिसतो. शेवटी 'वार' लागलेले आडनाव चांदा-गडचिरोलीकडचे, तेलंगणाशी जुने लागेबांधे सांगणारे. केळझर तर ब्रह्मपुरी, नागभीड, मूल करत चांदा फोर्टकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचे स्टेशनच. १८२३ पासून निघणाऱ्या, वैद्यकशास्त्रात दबदबा असलेल्या साप्ताहिकाच्या लेखकयादीत झाडीपट्टीची आडनावे कशी जाऊन बसली, आणि पुढे जगभरच्या शोधनिबंधांच्या तळटीपांत 'गडचिरोली' हे नाव कुठवर पोचले, हा या मुलखाच्या इतिहासातला फारसा न सांगितलेला भाग आहे.

या भागाबद्दल लिहिले गेले नव्हते असे नाही. मेजर ल्युसी स्मिथ यांचा चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल १८६९ चा. त्यानंतर १९०९ साली जिल्ह्याचे गॅझेटियर निघाले. तलाव, धान, जमीनदाऱ्या, जंगल यांची तपशीलवार नोंद त्यांत मिळते. ब्रह्मपुरी तेव्हा तहसिलीचे ठिकाण होते. १९०५ साली ब्रह्मपुरी आणि चांदा या तहसिलींतल्या जमीनदाऱ्या वेगळ्या काढून गडचिरोलीची नवी तहसील झाली. पुढे २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला, वैनगंगा ही दोन जिल्ह्यांमधली ठळक रेघ ठरली आणि ब्रह्मपुरी अलीकडच्या काठाला राहिली. दवाखाना गाठायचा म्हणून नदी ओलांडून ब्रह्मपुरीला येणे मात्र जिल्हा फुटल्याने थांबले नाही. आजही पलीकडचे लोक औषधपाण्यासाठी इकडेच येतात.

सरकारी कागदांनी या मुलखाची जमीन मोजली होती. इथल्या बाईच्या पोटात काय दुखते, बाळंतपणानंतरच्या पहिल्या महिन्यात किती मुले दगावतात, हे मोजायला कोणी आले नव्हते.

ते काम करायला १९८० च्या दशकाच्या मध्यावर दोघे आले आणि दोघेही विदर्भातलेच. डॉ. राणी बंग माहेरच्या चंद्रपूरच्या. डॉ. अभय बंग वर्ध्याचे, सेवाग्रामच्या नई तालीम शाळेत शिकलेले. दोघांचे वैद्यकीय शिक्षण नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात झाले. १९८४ साली दोघांनी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेतली. परतल्यावर त्यांनी 'सर्च' ही संस्था काढली आणि गडचिरोलीत तेंदूपत्त्याच्या एका गोदामात काम सुरू केले.

हॉपकिन्समध्ये त्यांना कार्ल टेलर भेटले. भारतातच जन्मलेल्या टेलर यांनी पंजाबमधल्या नारंगवाल गावी साठ-सत्तरच्या दशकांत मोठा क्षेत्रीय अभ्यास चालवला होता. गावपातळीवरच्या आरोग्यसेविका न्यूमोनियाच्या मुलांवर पेनिसिलिनचे उपचार करू शकतात, हे तिथे दिसले होते. महाराष्ट्रात जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून अशिक्षित बायकांना आरोग्याचे काम शिकवून दाखवले होते. म्हणजे गडचिरोलीची मुळे नारंगवाल आणि जामखेडपर्यंत जातात. कुणाच्या खांद्यावर कोण उभे आहे हे सांगणे हे संदर्भसूचीचे मूळ काम. ती मोजण्याचा धंदा नंतरचा.

गडचिरोलीत आल्यावर बंग दांपत्याने सुरुवातीच्या काळात सिकलसेल आजाराची पाहणी केली. आजार आदिवासींमध्ये मोठ्या प्रमाणावर आढळला, शास्त्रीय दृष्टीने ते महत्त्वाचेही होते. पण त्यावर तेव्हा देण्यासारखा इलाज नव्हता आणि लोकांनी तो प्रश्न आपला म्हणून मांडलाही नव्हता. हा अनुभव डॉ. अभय बंग यांनी पुढे व्याख्यानांतून अनेकदा सांगितला, आणि त्याच्याशेजारी ते दुसरा अनुभव ठेवतात. गडचिरोलीला येण्याआधी त्यांनी महाराष्ट्रातल्या शेतमजुरांच्या किमान वेतनाचा अभ्यास केला होता. वि. स. पागे यांच्या समितीने मजुराला लागणाऱ्या अन्नाचा हिशेब कसा कमी धरला, हे त्या अभ्यासाने दाखवले आणि शेवटी सरकारला मजुरी वाढवावी लागली. कुठल्या नामांकित नियतकालिकात त्या अभ्यासाचा गाजावाजा झाला नाही, पण रोजगार हमीच्या कामावरच्या माणसाच्या हातात जास्त पैसे पडले. लोकांवर केलेले संशोधन आणि लोकांसाठी केलेले संशोधन असा फरक ते करतात, तो इथून आला.

पहिला मोठा शोधनिबंध राणी बंग यांचा. १४ जानेवारी १९८९ च्या 'लॅन्सेट'मध्ये तो छापला गेला. वसा आणि अमिर्झा या गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी त्यासाठी केली होती. त्यांतल्या ५५ टक्के स्त्रियांची काही तक्रार होती, ४५ टक्क्यांची नव्हती. तपासल्यावर मात्र ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग निघाले. सरासरी काढली तर बाईमागे ३.६ आजार. निम्मे आजार जननमार्गातल्या जंतुसंसर्गाचे होते. याआधी तपासणी आणि उपचार किती जणींना मिळाले होते? फक्त ८ टक्के.

आजाराच्या या आकड्यांनी धक्का दिला, पण जास्त बोचणारा आकडा त्या ४५ टक्क्यांचा आहे. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात कळ येणे हे बाईच्या जातीला असायचेच, असे मानून बायका गप्प बसल्या होत्या. सरकारी आरोग्य यंत्रणेला खेड्यातली बाई दोनच वेळी दिसायची : ती गरोदर असताना, किंवा तिची नसबंदी करायची असताना. या अभ्यासाने तो चष्मा काढून दाखवला. पुढे १९९४ च्या कैरो परिषदेत लोकसंख्येच्या धोरणातून 'प्रजनन आरोग्य' ही व्यापक कल्पना पुढे आली. त्यामागच्या चर्चांमध्ये या दोन गावांच्या आकड्यांचा आधार वारंवार घेतला गेला.

दुसरा निबंध म्हणजे सुरुवातीला सांगितलेला. विषय लहान मुलांचा न्यूमोनिया, म्हणजे गावकऱ्यांच्या तोंडचा 'डब्बा'. ५८ गावांत उपचाराचा प्रयोग, ४४ गावे तुलनेला. प्रयोगाच्या गावांत पाच वर्षांखालची ६,१७६ मुले होती. निमवैद्यकीय कर्मचारी, गावातले आरोग्यसेवक आणि दाया यांना न्यूमोनिया ओळखून को-ट्रायमॉक्सॅझोल द्यायला शिकवले. ६१२ वेळा मुलांवर उपचार झाले, त्यांतली ०.८ टक्के दगावली. तुलनेच्या गावांत हेच प्रमाण १३.५ टक्के होते. न्यूमोनियाने होणारे मृत्यू प्रयोगाच्या गावांत हजारी ८.१ आणि तुलनेच्या गावांत १७.५. औषधाचा खर्च अमेरिकन चलनात मुलामागे वर्षाला अडीच सेंट.

इथे एक अडचण होती आणि ती निव्वळ शिकवण्याची होती. न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाला श्वास किती ते मोजावे लागतात. दोन महिन्यांखालच्या बाळाचे साठ किंवा जास्त, त्याहून मोठ्या तान्ह्याचे पन्नास किंवा जास्त झाले की धोका. दाईला पन्नासपर्यंत अंक येत नसत आणि घड्याळही वाचता येत नसे. डॉक्टरच्या नजरेने पाहिले तर विषय इथेच संपतो. सर्चने त्यावर एक साधन बनवले. एका चौकटीत एका मिनिटाची वाळूची घटिका आणि मण्यांच्या दोन ओळी, एक दोन महिन्यांखालच्या बाळासाठी, दुसरी त्याहून मोठ्यासाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. दहापर्यंत मोजता आले म्हणजे पुरे. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली, तर मुलाला न्यूमोनिया. 'ब्रेथ काउंटर' या नावाने त्याचे वर्णन १९९२ साली 'इंडियन जर्नल ऑफ पीडियाट्रिक्स'मध्ये छापले गेले.

वैद्यकीय शिक्षणावरचे संशोधन म्हटले की आज परीक्षापद्धती, अभ्यासक्रम, सिम्युलेशन लॅब असले विषय डोळ्यांपुढे येतात. महाराष्ट्रात त्याचीही परंपरा आहे. १९६९ साली सुरू झालेल्या सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाने विद्यार्थ्यांना गावात राहायला पाठवण्याची पद्धत पाडली. मुंबईत केईएमच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात २००५ पासून वैद्यकीय शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे केंद्र चालते. पण वाळूची घटिका आणि मणी हेही वैद्यकीय शिक्षणातलेच संशोधन होते, आणि बारकाईने पाहिले तर त्यातले अव्वल. विद्यार्थ्याला येत नाही ते बाजूला ठेवून त्याला येते तिथून सुरुवात करायची, ही नई तालीमची रीत त्यात सरळ दिसते.

तिसऱ्या शोधनिबंधाची तयारी १९९३ पासून चालली होती. हाच सर्वांत गाजला.

गडचिरोलीच्या गावांत तेव्हा जवळपास सगळी बाळंतपणे घरी होत. १९९५-९६ मध्ये ३९ गावांतल्या ७६३ नवजात बाळांची पाहणी झाली, त्यांतली ९५ टक्के घरी जन्मली होती. ५४.४ टक्के बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती. ती मिळाली २.६ टक्क्यांना. बाळंतीण आणि बाळ घराबाहेर पडत नाहीत, ही रीत. दवाखाना दूर, पावसाळ्यात नाल्यांना पूर. तेव्हा बाळाला दवाखान्यात नेण्याऐवजी उपचारच घरी न्यावेत, अशी दिशा ठरली.

त्यासाठी पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या गावातल्याच बायका निवडल्या. मराठी वाचकांना त्या 'आरोग्यदूत' म्हणून माहीत आहेत. पहिल्या वर्षी मुख्यतः पाहायचे आणि नोंदवायचे. बाळाचे वजन करायचे, ताप मोजायचा, श्वास मोजायचा, आई पाजते कशी ते बघायचे, आणि सगळे कागदावर उतरवायचे. पर्यवेक्षक आणि डॉक्टर गावात येऊन नोंदी पडताळत. नंतर जन्मतः न रडणाऱ्या बाळाला श्वास देणे, कमी वजनाच्या बाळाला ऊबदार ठेवणे आणि जंतुदोषावर जेंटामायसिनचे इंजेक्शन देणे, अशी एकेक पायरी चढवली.

सगळ्यात अवघड होते जंतुदोष ओळखणे. मोठ्या रुग्णालयात त्यासाठी रक्ताचे कल्चर करतात. गावात ते कुठून येणार? नोंदींचा ढीग तपासून सात लक्षणे ठरली : पिणे कमी झाले किंवा थांबले, रडणे क्षीण झाले किंवा बंद पडले, हातपाय सैल पडले, उलट्या होतात किंवा पोट फुगले, आई म्हणते बाळ गार लागते, श्वास घेताना छाती खोल आत ओढली जाते, बेंबी पिकली. यांतली कुठलीही दोन एकाच वेळी दिसली की उपचार सुरू करायचे. 'आई म्हणते' हे शब्द निकषाचा भाग आहेत, हे मुद्दाम लक्षात घेण्यासारखे. डॉक्टरी निदानात आईच्या हाताच्या स्पर्शाला अशी अधिकृत जागा क्वचितच मिळते.

डिसेंबर १९९९ च्या 'लॅन्सेट'मध्ये निकाल आले. लेखक अभय आणि राणी बंग, बैतुले, रेड्डी, देशमुख. ३९ गावे प्रयोगाची, ४७ तुलनेची. सुरुवातीला नवजात मृत्युदर दोन्हींकडे जवळपास सारखा, हजारी ६२ आणि ५८. तिसऱ्या वर्षी प्रयोगाच्या गावांत तो २५.५ वर आला. तुलनेच्या गावांच्या हिशेबात निव्वळ घट ६२.२ टक्के. जंतुदोष झालेल्या बाळांपैकी आधी १६.६ टक्के दगावत, घरच्या उपचारांनंतर २.८ टक्के. बाळामागे खर्च ५.३ डॉलर. अठरा बाळांची काळजी घेतली की एक मृत्यू टळत होता.

यावर टीकाही झाली आणि ती रास्त होती. गावे चिठ्ठ्या टाकून, म्हणजे यादृच्छिक पद्धतीने निवडलेली नव्हती. प्रयोग चालवणारी संस्था ध्येयाने झपाटलेली. तिथे जमले ते सरकारी कर्मचाऱ्याला जमेल का, असा प्रश्न विचारला गेला. कमी शिकलेल्या बाईच्या हातात इंजेक्शनची सुई द्यायची, हे तर अनेक डॉक्टरांच्या पचनी पडले नाही. या प्रश्नांची उत्तरे गडचिरोलीतून मिळणे शक्यच नव्हते. दुसरीकडे करून पाहणे हाच मार्ग होता.

आणि तसेच झाले. एखाद्या निबंधाचा प्रभाव खऱ्या अर्थाने बघायचा तर तो इथे. २००५ साली 'जर्नल ऑफ पेरिनॅटॉलॉजी'ने गडचिरोलीच्या प्रयोगावर पुरवणी अंक काढला. २००८ साली 'लॅन्सेट'मध्ये दोन अभ्यास आले. बांगलादेशात सिल्हेटला घरभेटी आणि उपचारांनी नवजात मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. उत्तर प्रदेशात रायबरेली जिल्ह्यातल्या शिवगढला तर ५४ टक्के घट दिसली, आणि तीही इंजेक्शनशिवाय; आईने बाळाला उराशी धरून ऊब देणे यासारख्या साध्या सवयींवर तिथे भर होता. सिंधमध्ये हाला इथे सरकारी 'लेडी हेल्थ वर्कर'मार्फत काम झाले तेव्हा घट १५ टक्क्यांवर आली. घानात २०१३ साली छापलेल्या चाचणीत ती ८ टक्के निघाली, संख्याशास्त्राच्या कसोटीवर न टिकणारी.

आकड्यांची ही उतरंड झाकून ठेवण्यासारखी नाही. प्रयोग जितका मोठा, यंत्रणा जितकी सरकारी, बाळंतपणे जितकी दवाखान्यात होऊ लागली, तितका घरभेटींचा हिस्सा कमी भरत गेला. पण या सगळ्या अभ्यासांच्या संदर्भसूचीत गडचिरोली आहे. काहींनी दुजोरा द्यायला, काहींनी मर्यादा दाखवायला तिचे नाव घेतले. मोजणाऱ्या यंत्राला यात फरक कळत नाही. त्याच्या लेखी दोन्ही उल्लेख सारखेच, प्रत्येकी एक.

२००९ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळासाठी घरभेटींची शिफारस करणारे संयुक्त निवेदन काढले. २०११ साली भारत सरकारने 'घरच्या घरी नवजात बालसेवा' हा कार्यक्रम देशभर लागू केला. तो आशा कार्यकर्तीच्या अंगावर आला. बाळंतपण दवाखान्यात झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट. घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही. भेटी पूर्ण केल्या की २५० रुपये. पिशवीत वजनकाटा, थर्मामीटर, घड्याळ, बाळाला गुंडाळायचे ब्लँकेट. ब्रह्मपुरी तालुक्यातल्या कुठल्याही आशाताईच्या भेटीचे वेळापत्रक वैनगंगेपलीकडच्या त्या ३९ गावांतून निघून जिनिव्हा आणि दिल्लीमार्गे परत नदीच्या अलीकडे आलेले आहे.

परत येताना एक गोष्ट मात्र मागे राहिली. राष्ट्रीय कार्यक्रमात आशाच्या पिशवीत इंजेक्शन आले नाही. ज्या उपचाराने जंतुदोषाचे मृत्यू १६.६ टक्क्यांवरून २.८ वर आले, तोच वगळून बाकीचा कार्यक्रम स्वीकारला गेला. २०१४ साली आरोग्यसेविकेला, म्हणजे एएनएमला, जेंटामायसिन देण्याची मुभा मिळाली. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही, रुग्णालयात नेणे शक्य नसेल तर बाळावर बाहेर उपचार करण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. गावातली बाई सुई देऊ शकते हा गडचिरोलीच्या निबंधातला सर्वांत धाडसी दावा. त्याचे उल्लेख जगभर झाले, अंमल सर्वांत कमी. शोधनिबंध उद्धृत होणे आणि मानला जाणे यांत हे एवढे अंतर असते.

१९९९ च्या त्या निबंधाचे उल्लेख गूगल स्कॉलरवर हजाराच्या पुढे गेले आहेत. हे मोजमाप आले कुठून, तेही थोडक्यात सांगायला हवे. फिलाडेल्फियात यूजीन गारफील्ड यांनी १९६४ पासून 'सायन्स सायटेशन इंडेक्स' काढायला सुरुवात केली. कुठल्या निबंधाने कुठल्या निबंधाचा आधार घेतला याची ती वही. ग्रंथालयात माहिती शोधणे सोपे व्हावे, हा मूळ हेतू. त्यातून नियतकालिकांचा 'इम्पॅक्ट फॅक्टर' निघाला. २००४ साली गूगल स्कॉलर आले. २००५ साली होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एच-इंडेक्स सुचवला : एखाद्याचे वीस निबंध प्रत्येकी किमान वीस वेळा उद्धृत झाले असतील तर त्याचा एच-इंडेक्स वीस. ग्रंथपालाची सोय बघता बघता बढतीचा मापदंड झाली. तिचा इतका अतिरेक झाला की २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या संपादक-संशोधकांना जाहीरनामा काढून सांगावे लागले की, नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणसाचे काम मोजू नका.

आपल्याकडे हे उलट्या बाजूने आले. २००९ साली भारतीय वैद्यक परिषदेने वैद्यकीय शिक्षकांच्या बढतीच्या अटींत शोधनिबंधांची संख्या घातली. संख्या मागितली की संख्या तयार होते. पैसे भरून छापणारी नियतकालिके वाढली, मग २०१५ साली कुठली चालतील आणि कुठली नाहीत, याचा खुलासा काढावा लागला. सर गंगाराम रुग्णालयातले डॉ. समीरन नंदी आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली २००५ ते २०१४ या दहा वर्षांचा हिशेब मांडला. देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्था आणि महाविद्यालयांपैकी फक्त २५ ठिकाणांहून वर्षाला शंभरावर निबंध निघत होते. आणि ३३२ ठिकाणांहून, म्हणजे निम्म्याहून जास्त, दहा वर्षांत एकही नाही.

त्या यादीशेजारी तेंदूपत्त्याचे गोदाम ठेवून बघावे. नदीपलीकडच्या त्या जिल्ह्यात तेव्हा वैद्यकीय महाविद्यालय नव्हते, प्राध्यापकपद नव्हते, बढतीही नव्हती.

सगळेच काम उल्लेखांत दिसते असेही नाही. सर्चने गडचिरोलीतल्या दारूच्या व्यसनाचा अभ्यास केला, तो गावोगावच्या सभांत मांडला, आणि लोकांच्या आंदोलनानंतर १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी झाली. दारूबंदीने काय साधले यावर वाद आहेत. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, म्हणजे ब्रह्मपुरीतही, २०१५ साली ती आली आणि २०२१ साली उठली. पण अभ्यासाचे आकडे ज्यांच्याबद्दल होते त्यांच्यापर्यंत पोचले, हे नाकारता येत नाही. 'कोवळी पानगळ' हा महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंचा अहवाल २००१ साली मराठीत आला. सरकारी दप्तरात किती मृत्यू नोंदलेच जात नाहीत, हे राज्यातल्या स्वयंसेवी संस्थांनी मिळून त्यात दाखवले. विधिमंडळात गदारोळ झाला, समिती नेमली गेली. इंग्रजीतला त्याचा अवतार 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त २००२ साली आला. सायटेशन मोजणाऱ्यांच्या हाती तेवढाच लागतो. राणी बंग यांचे 'गोईण' हे स्त्रिया आणि झाडे यांच्या नात्यावरचे पुस्तक तर कुठल्याच सूचीत बसत नाही.

आणखी एक गोष्ट यात सुटते. १९९० च्या निबंधात पर्यवेक्षकांची आणि सहकाऱ्यांची आडनावे लेखक म्हणून आली, ही त्या काळाच्या मानाने मोकळी वृत्ती होती. मात्र बाळाच्या छातीकडे टक लावून मणी सरकवणाऱ्या दाया आणि आरोग्यदूत बाया लेखकयादीत नाहीत. त्यांच्या नावावर एकही सायटेशन नाही. तुलनेच्या ४७ गावांतल्या ज्या बाळांचे मृत्यू नोंदले गेले म्हणून घट सिद्ध झाली, त्यांचा तर हिशेबात फक्त भागाकार होतो.

चंद्रपूरला २०१५ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. गडचिरोलीच्या महाविद्यालयाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी, राज्यातल्या आणखी नऊ महाविद्यालयांबरोबर झाले. ब्रह्मपुरीच्या दोन्ही बाजूंना आता वैद्यकीय शिक्षक आहेत आणि बढतीसाठी त्यांना शोधनिबंध लागणार आहेत. विषय शोधायला त्यांनी दूर जाऊ नये. दवाखान्यात जन्मलेले बाळ तिसऱ्या दिवशी घरी गेल्यावर त्याचे पुढे काय होते, आशाच्या सहा भेटींपैकी खरोखर किती होतात, सातांपैकी कुठली लक्षणे तिला ओळखता येतात आणि कुठली नाहीत, याचा ताजा हिशेब ब्रह्मपुरी, आरमोरी, वडसा या पट्ट्यात कोणीतरी घ्यायला हवा. आणि तो छापताना आशाताईंची नावे लेखकांच्या यादीत घालावीत.